वॉलपेपरच्या ढिगाखाली दबलेला लिनक्स डेस्कटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार थांबवला. त्याच्या आगेमागे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांतल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आली. त्यातले बरेच मी स्वतः बसवून दिलेत. सहा महिने मशीन छान पळतं आणि मग फोन येतो : "अहो, हे लई स्लो चालायलंय." जाऊन बघावं तर पिक्चर्स फोल्डरमध्ये राजहंसगड, गोकाकचा धबधबा, शिवजयंतीचे चित्ररथ, घरचे गणपती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले विठोबा, सगळं एकाच जागी ओतलेलं असतं. लोकांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीसह मिळतं; बहुतेक उत्तरं त्यातल्या सिनॅमन आणि एक्सएफसीई आवृत्त्यांना लागू पडतात. केडीई आणि ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपांत वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलंय. सगळं माउसनं करता येतं, आज्ञा टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडावी लागत नाही.

नुसते फोटो साठवून ठेवले तर मशीन मंद होतं का?

नाही. डिस्कवर पडून असलेला फोटो जागा घेतो, पण काम मागत नाही. माळ्यावर ठेवलेल्या पोत्यांसारखं आहे ते. त्रास होतो तो कुणीतरी वर चढून एकेक पोतं उघडून बघायला लागलं की. लिनक्स डेस्कटॉपवर असे पोती उघडणारे चौघे आहेत : फाइल मॅनेजर, वॉलपेपर निवडायची खिडकी, स्लाइडशो आणि फाइल शोधणारा इंडेक्सर. यांतला कोण उघडतोय ते कळलं की अर्धं काम झालं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की घाबरून फोटो पुसू नका. आजवर एकाही घरी फोटो पुसायची वेळ आलेली नाही.

डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून वॉलपेपर बदलायला गेलं की सगळं थिजतं. असं का?

ती खिडकी फक्त सध्याचं चित्र दाखवत नाही. ते चित्र ज्या फोल्डरमध्ये आहे, त्यातल्या सगळ्या चित्रांची छोटी रूपं, म्हणजे थंबनेल, ती मांडायला घेते. फोल्डरमध्ये पन्नास फोटो असतील तर तुम्हाला कळतही नाही. दहा हजार असतील तर मात्र बसून राहावं लागतं.

जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात निवृत्त गुरुजी राहतात. त्यांचा ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, जुनी फिरती हार्ड डिस्क, वर मिंट एक्सएफसीई. गुरुजी म्हणाले, "मी कायतरी चुकीचं दाबलो वाटतंय बघ." मी लॅपटॉपवर कीबोर्डच्या अलीकडे, मनगट टेकतो त्या भागावर हात ठेवला, तर आतली डिस्क हाताला जाणवत होती, कर्र... थांब... कर्र... कर्र, आणि कडेचा छोटा दिवा विझायचं नावच घेत नव्हता. टास्क मॅनेजर उघडला तर सगळ्यात वर 'टंबलर-डी'. एक्सएफसीईमध्ये थंबनेल बनवणारी सेवा ती हीच. गुरुजींच्या फोल्डरमध्ये चाळीस वर्षांच्या नोकरीतले स्कॅन केलेले फोटो, विद्यार्थ्यांनी पाठवलेले फोटो आणि नातवाच्या मोबाइलमधले फोटो मिळून दहा हजारांच्या वर होते. वॉलपेपर त्याच फोल्डरमधून लावलेला.

हिशेब सोपा आहे. एक फोटो ४ एमबीचा धरला तर दहा हजार फोटो म्हणजे ४० जीबी. जुनी लॅपटॉप डिस्क सेकंदाला ८० एमबी वाचते असं धरलं, तरी नुसतं वाचायलाच आठ मिनिटांहून जास्त लागतात, तेही सगळे फोटो डिस्कवर ओळीनं बसलेले असतील तर. ते तसे कधीच नसतात. वाचलेला प्रत्येक फोटो उलगडायचा, लहान करायचा आणि परत डिस्कवर लिहायचा, हे काम त्यावर वेगळं. गुरुजींनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं.

आम्ही 'भिंत' नावाचं नवं फोल्डर केलं. गुरुजींनी स्वतः निवडून तीस फोटो त्यात कॉपी केले आणि वॉलपेपर त्यातल्याच एकाचा लावला : शाळेच्या पडवीत पावसाला टेकून उभी असलेली पोरं. खिडकी बंद करून परत उघडली, लगेच उघडली. मूळचे दहा हजार फोटो जिथल्या तिथे आहेत.

फोटो तर जेमतेम ४ एमबीचा. मग रॅम कशी काय भरते?

४ एमबी हा डिस्कवरचा, दाबून ठेवलेला आकार. पडद्यावर दाखवायचा तर तो पूर्ण उलगडावा लागतो आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० गुणिले ३०००, उलगडला की ४८ एमबी होतो. हल्लीच्या काही मोबाइलमध्ये १०८ मेगापिक्सेलचा पर्याय असतो. त्यातला एक फोटो, १२००० गुणिले ९०००, उलगडला की ४३२ एमबी. ४ जीबीच्या मशीनमध्ये ब्राउझर आधीच निम्मी रॅम धरून बसलेला असतो. त्यात असा एक फोटो आला की मशीन रॅमऐवजी डिस्कवरची राखीव, म्हणजे स्वॅप जागा वापरायला लागतं आणि माउस सुद्धा अडखळतो.

आता हा आकडा बघा : जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा असतो. तेवढ्या चित्राला ४.२ एमबी पुरतात. म्हणजे १०८ मेगापिक्सेलमधलं जवळजवळ सगळं तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. मशीन मात्र त्याचं ओझं वाहतं.

मग फोटो लहान कसे करायचे?

जी-थंब नावाचा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. निवडलेले फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. त्या फोल्डरमध्ये सगळे एकदम निवडा, टूल्समधलं 'रिसाइझ इमेजेस' घ्या, पडद्याएवढी किंवा १९२० पिक्सेल रुंदी द्या आणि लांबी-रुंदीचं मूळ प्रमाण राखायची खूण ठेवा. 'कन्व्हर्सीन' हा दुसरा प्रोग्रॅमही शेकडो फोटो एका दमात लहान करतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मूळ फोटोवर लहान केलेला फोटो लिहू देऊ नका. निपाणीच्या एका ओळखीच्या मुलानं जागा वाचवायला बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो १३६६ रुंदीचे करून टाकले. वर्षानं घरात मोठी फ्रेम लावायची ठरली, छापायला दिलं, तर चेहरे फुटलेले आले. एकदा गेलेले पिक्सेल कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

खरंच वॉलपेपरमुळेच होतंय की दुसरंच काही, हे कसं ओळखायचं?

यूझर्स अँड ग्रुप्समध्ये जाऊन एक नवं खातं तयार करा आणि त्यातून लॉग इन करा. तिथे मशीन झपाझप चाललं तर दोष तुमच्या होम फोल्डरमध्ये किंवा तुमच्या सेटिंगमध्ये आहे. नवं खातंही तेवढंच कुथत असेल तर फोटोंना दोष देऊ नका.

दुसरी पायरी सिस्टिम मॉनिटर. प्रोसेसरच्या रकान्यानुसार क्रम लावा आणि वर काय येतं ते बघा. 'टंबलर-डी' आलं तर एक्सएफसीईचा थंबनेल बनवणारा. 'निमो' आलं तर सिनॅमनचा फाइल मॅनेजर. 'बालू' म्हणजे केडीईचा इंडेक्सर, 'ट्रॅकर' (नव्या आवृत्त्यांत 'लोकलसर्च') म्हणजे ग्नोमचा. 'माउंट' आणि 'एनटीएफएस' हे शब्द एकत्र दिसले तर विंडोजच्या पार्टिशनबद्दलचा, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजच्या भागाबद्दलचा प्रश्न खाली आहे, तो वाचा. ब्राउझरच वर असेल तर टॅब बंद करा, वॉलपेपरचा संबंध नाही.

प्रोसेसर शांत आहे, कुणीच काही करत नाही आणि तरी फोल्डर उघडायला मिनिट लागतंय, असं असेल तर 'डिस्क्स' प्रोग्रॅम उघडून डिस्कची 'स्मार्ट' माहिती, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद बघा. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा, यांचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल तर डिस्क मरायला लागली आहे. बाकी सगळं सोडा आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

मेमरीत 'कॅश' म्हणून खूप जागा गेलेली दिसते. ही फोटोंनी खाल्ली का?

रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे ठेवतं. गरज लागली की ती जागा लगेच सोडतं. तुम्ही 'अव्हेलेबल' हा आकडा बघत जा.

थंबनेल एकदाच बनतात ना? मग दर वेळी तेच काम का चालू होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर कळलं की माणूस पुन्हा त्या चुकीत पडत नाही.

थंबनेल बनली की ती होम फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या 'कॅश' फोल्डरच्या आत 'थंबनेल्स' मध्ये जाऊन बसतात. कंट्रोल आणि एच दाबलं की ते फोल्डर दिसतं. आत 'नॉर्मल' मध्ये १२८ पिक्सेलची, 'लार्ज' मध्ये २५६ पिक्सेलची, आणि त्याहून मोठ्यांची वेगळी घरं असतात. सगळे डेस्कटॉप हीच पद्धत पाळतात.

गोम आहे ती नावात. थंबनेलच्या फाइलचं नाव मूळ फोटोच्या पूर्ण पत्त्यावरून, एमडी-५ नावाच्या गणितानं तयार होतं. फोटो तोच असला, पण फोल्डरचं नाव 'गड' चं 'किल्ले' केलं की पत्ता बदलला. पत्ता बदलला की जुनं थंबनेल ओळखलं जात नाही आणि आतल्या सगळ्या फोटोंची थंबनेल नव्यानं बनतात. जुनी तशीच पडून जागा खातात. दर रविवारी फोल्डरांची नावं बदलून आवराआवर करणारे आहेत, त्यांचं मशीन दर रविवारी का दमतं ते आता लक्षात येईल. शिवाय थंबनेलमध्ये मूळ फोटो कधी बदलला ती वेळ नोंदलेली असते. ती जुळली नाही तरी काम पुन्हा होतं.

दुसरं कारण मर्यादेचं. ग्नोम जुनी थंबनेल अधूनमधून झाडून टाकतं. मुळातली मर्यादा १८० दिवस आणि ५१२ एमबी अशी असते. तुमच्या संग्रहाची थंबनेलच ५१२ एमबीच्या वर जात असतील तर एकीकडून बनतात आणि दुसरीकडून झाडली जातात.

थंबनेल्स फोल्डर पुसलं तर फोटो जातील का?

फोटो जात नाहीत, निर्धास्त पुसा. अनाथ पडलेली जुनी थंबनेल निघून जातात आणि हवी ती पुन्हा बनतात. पण हे रोजचं औषध करू नका. पुसलं की सगळं काम मशीनला परत करावं लागतं. आधी संग्रह नीट लावा, मग एकदाच पुसा.

थंबनेल बंदच करून टाकू का?

माझ्या मते नको. नुसती नावं बघून स्वतःचे फोटो कोण ओळखणार? निमोमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, प्रिव्ह्यू इथे जाऊन 'फक्त याच संगणकावरच्या फाइली' हा पर्याय घ्या आणि आकाराची मर्यादा लहान ठेवा. एक्सएफसीईच्या थुनार या फाइल मॅनेजरमध्येही हीच सोय आहे. मोबाइल केबलनं जोडून कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं की तासभर वाट बघावी लागते, तो त्रासही यानं कमी होतो.

दर दहा सेकंदांनी वॉलपेपर बदलायचं लावलंय. त्यानं फरक पडतो?

पडतो. दर बदलाला एक पूर्ण फोटो उलगडतो आणि जुनं चित्र विरत नवं येत असेल तर काही क्षण दोन्ही रॅममध्ये असतात. जुन्या मशीनमध्ये ग्राफिक्सची मेमरीही त्याच रॅममधून जाते. वेळ अर्ध्या तासावर न्या. सिनॅमनमध्ये बॅकग्राउंड्सच्या 'सेटिंग्ज' मध्ये ती मिनिटांत मांडता येते.

कुठलं फोल्डर देता हे त्याहून महत्त्वाचं. केडीई प्लाझ्माचा स्लाइडशो दिलेल्या फोल्डरच्या आतली सगळी उपफोल्डरं पालथी घालतो. त्याला आख्खं पिक्चर्स दिलंत तर तुमचा सगळा संसार चाळतो. 'भिंत' सारखं एकच फोल्डर, पडद्याच्या मापाचे चाळीस-पन्नास फोटो, एवढंच द्या. पावसाळा आला की त्यात वज्रपोहा आणि चोर्ल्याचं धुकं टाकायचं, वैशाखात चित्ररथ टाकायचे. तेवढी अदलाबदल हातानं करण्यातही गोडी आहे.

'व्हरायटी' सारखा प्रोग्रॅम इंटरनेटवरून स्वतःच वॉलपेपर उतरवत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये उतरवलेल्या फोल्डरच्या आकाराला मर्यादा घालता येते. ती घातलेली आहे ना, ते बघा.

केडीईत बालू आणि ग्नोममध्ये ट्रॅकर बंद करू?

फोटोंचं फोल्डर त्यांच्या शोधातून वगळा, तेवढं पुरतं. केडीईत सिस्टिम सेटिंग्जमधल्या फाइल सर्चमध्ये आणि ग्नोममध्ये सेटिंग्जमधल्या सर्चमध्ये ती सोय मिळते.

फोटो विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहेत. लिनक्समधून उघडले की जास्तच मंद वाटतं.

वाटतं ते खरं आहे. विंडोजचं पार्टिशन एनटीएफएस पद्धतीचं असतं. लिनक्समध्ये ते बरीच वर्षं 'एनटीएफएस-३जी' या मधल्या प्रोग्रॅममार्फत चालतं आणि हजारो लहान फाइली असल्या की तो प्रोसेसर खातो. २०२१ मधल्या ५.१५ कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, नवा ड्रायव्हर आला, पण सगळीकडे तोच वापरला जातो असं नाही. वॉलपेपरचे निवडक फोटो लिनक्सच्या होममध्ये आणा आणि बाकीचे तिथेच राहू द्या. त्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नसेल तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा. अर्धवट झोपलेल्या विंडोजचं पार्टिशन लिनक्स फक्त वाचायलाच देतं.

फोटो कॉपी होताना लाइट गेली. तेव्हापासून ते फोल्डर उघडलं की अडकतं.

एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, वीज कडाडते, लाइट जाते आणि कॉपी अर्ध्यावर राहते. डिस्कवर लिहायचं काम लिनक्स थोडं मागे ठेवून करतं. त्यामुळे काही फाइली शून्य बाइटच्या राहतात, काही अर्ध्या. अशा अर्ध्या फोटोवर थंबनेल बनवणारा अडखळतो.

फोल्डर यादीच्या रूपात उघडा, आकारानुसार क्रम लावा. शून्य बाइटच्या फाइली एकत्र वर येतील. त्या पुसा आणि मूळ पेनड्राइव्ह किंवा मोबाइलमधून पुन्हा कॉपी करा. अर्धे फोटो बघताना खालचा भाग करडा दिसतो, तेही बदला. यापुढे कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' म्हणायचं, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबायचं आणि मगच पेनड्राइव्ह ओढायचा.

एकच गणपती पाच ग्रुपवरून आलाय. असे दुहेरी फोटो कसे शोधायचे?

जी-थंबमध्ये दुहेरी फाइली शोधायची सोय आहे. पण ती बाइट-न्-बाइट सारख्या असलेल्याच फाइली पकडते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना पुन्हा दाबतं, म्हणून डोळ्यांना सारखे दिसणारे फोटो फाइल म्हणून वेगळे असू शकतात. त्यासाठी 'चकाव्का' हा मोफत प्रोग्रॅम आहे, तो दिसायला मिळतेजुळते फोटोही शोधतो. तो देईल ती यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुसू नका. एकामागोमाग काढलेले दोन फोटो त्याला सारखेच वाटतात, पण एकात आजीचे डोळे मिटलेले असतात.

फाइलींना मराठी किंवा कन्नड नावं दिल्यानं मशीन मंद होतं का?

अजिबात नाही, बिनधास्त द्या. फक्त लांबी सांभाळा. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ पद्धतीत नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. आख्खा शुभेच्छा संदेश फाइलीचं नाव म्हणून आला की कॉपी अडते, ती यामुळे.

खूप फोटो पुसले, तरी जागा मोकळी झाली नाही. आता तर लॉग इनही होत नाही.

पुसलेलं सगळं आधी ट्रॅशमध्ये जातं. ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही. डिस्क काठोकाठ भरली की डेस्कटॉपला स्वतःच्या छोट्या फाइलीही लिहिता येत नाहीत आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉग इनचा पडदा परत परत येतो. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवलं होतं त्यावरून मशीन सुरू करा, काहीही इन्स्टॉल करू नका, डिस्क उघडून थोडे मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि मशीन पुन्हा नेहमीसारखं सुरू करा. आत गेल्यावर ट्रॅश रिकामा करा. कुठे किती जागा गेली ते 'डिस्क यूसेज अ‍ॅनालायझर' गोल चित्रात दाखवतो.

रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

दोन्हींतलं एकच जमणार असेल तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क. फिरत्या डिस्कचा काटा एका फाइलीवरून दुसरीवर जायला दहाएक मिलिसेकंद घेतो, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ लागतो. हजारो फोटोंच्या फोल्डरला याच गोष्टीचा फायदा सगळ्यात जास्त. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क काढून त्याच खाचेत साटा जोडणीची एसएसडी बसते. रॅम ४ जीबीहून कमी असेल तर मात्र रॅमही हवी.

सिनॅमन सोडून एक्सएफसीई घेतलं तर सुटेल का?

रॅम थोडी वाचेल. पण दहा हजार फोटोंचं फोल्डर तिथेही दहा हजारांचंच. गुरुजींकडे एक्सएफसीईच होतं.

टाइमशिफ्ट लावलेलं आहे. म्हणजे आवराआवर करताना काही चुकलं तरी फोटो परत मिळतील ना?

मिळणार नाहीत. आणि हे लोकांना फार उशिरा कळतं. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली जपतं. होम फोल्डरमधला तुमचा ऐवज मुळातच त्यातून वगळलेला असतो. म्हणून वर सांगितलेलं काहीही करण्याआधी आख्खं पिक्चर्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळते का ते प्रॉपर्टीजमध्ये बघा, दोन-चार फोटो तिथून उघडून बघा आणि मगच पहिल्या फोल्डरला हात लावा. गुरुजींच्या फोटोंच्या दोन प्रती केल्यात. एक त्यांच्या कपाटात आहे, दुसरी मुलाबरोबर पुण्याला गेली.